कानातला माग

वडगावात एकतीस वर्षं मागावर उभा होतो.
चार माग, दोन हात.
बोलायचं ते ओठांनी. बसाप्पा समोरून ओठ हलवायचा,
कन्नडात की मराठीत, तेही ओठांवरूनच कळायचं.

आता माग विकले. शेडात कुणीतरी सिमेंटची पोती ठेवतं.
आवाज तेवढा विकला गेला नाही.
रात्री उशीवर डोकं टेकलं की सुरू,
खटक खट, आणि त्याच्यावर एक बारीक शिट्टी,
कुकर उतरवायला कुणी उठतच नाही अशी.

डॉक्टर हुक्केरींनी कानामागे लोखंडी चिमटा धरला,
म्हणाले, आवाज बाहेर नाही, आत आहे.
म्हटलं, साहेब, आत जागा ती केवढी,
आणि चार माग बसलेत.
हसले. चार दिवस कुठंतरी शांत जाऊन या, म्हणाले.

म्हणून तानाक्काकडे आलो,
कणकुंबीच्या अलीकडे, फाट्यावरून दीड मैल आत.
शेवटची बस मला उतरवून वळली
आणि तिची घरघर झाडीत विरली, तेव्हा
खरं सांगतो, भ्यालो.
एवढं गप्प सगळं, की कानातले माग
वरातीतल्या बँडसारखे वाजायला लागले.

दोन दिवस नुसता फेऱ्या मारल्या.
मार्गशीर्षातली थंडी, भात कापून झालेलं,
जांभ्या दगडाच्या गडग्यावर शेवाळ,
हात लावला तर कुत्र्याच्या पिल्लाच्या पोटासारखं.

तिसऱ्या दिवशी नदीवर गेलो.
नदी कसली, मलप्रभा इथं अजून शाळेत न घातलेली पोर,
गुडघाभर.
पुढं सौंदत्तीला तिला अडवतात,
इथं ती दगडादगडाला काहीबाही विचारत जाते.

किंजळीच्या मुळावर बसलो.
इंचात किती धागे ते मी नजरेनं सांगतो,
मोजायची खोडच आहे,
तर पाण्याचे आवाज मोजायला घेतले:
एक जाड, उभ्या दगडाखालचा,
एक पातळ, पानं अडकलीत तिथला,
एक मधूनच, कुणी तांब्या बुडवावा तसा.
पाचव्यानंतर चुकलो.
परत पहिल्यापासून. परत चुकलो.
मग ध्यानात आलं,
शिट्टी आहे, गेलेली नाही,
पण लुगड्यात एखादा परका धागा जावा
तशी कुठंतरी आडवी विणली गेलीय,
शोधली तरच सापडते.

ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळचा चहा राहिला होता.
खांदे कानांपासून खाली उतरले होते.
इतकी वर्षं ते वर होते
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

रात्री तानाक्काला हे सगळं सांगितलं.
तांदळाची भाकरी थापता थापता म्हणाली,
"तुला बरं वाटालंय, झालं तर.
मला नाही रे."
भावोजी गेल्यापासून तिला झोप नाही.
पान पडलं तरी उठून बसते.
गवा शिरला काय, कुणी हाक मारली काय.
पोरगा गोव्यात, फोनला रेंज टेकडीवर.
"डोळ्याच्या ऑपरेशनला तुझ्याकडं आले होते बघ,
शेजारच्या शेडात रात्रपाळी होती,
खटाखटा, खटाखटा.
कशी झोपले होते!
वाटायचं, कोणतरी जागं हाय,
आता मी डोळे मिटले तर चालतंय."

मी काही बोललो नाही.
चुलीत लाकूड सरकवलं.
पाण्याला गुण असतो, मातीला असतो, म्हणतात.
असेल.
बाहेर रातकिडे सुरू होते, आम्ही दोघं ऐकत होतो,
आणि एकच ऐकत नव्हतो.

वडगावात परतल्यावर बसाप्पाच्या पोराच्या शेडात गेलो,
त्याचे दोन अजून चालतात.
मोबाईल खिडकीत ठेवला, पाऊण तास रेकॉर्डिंग केलं.
पोरानं ओठांनी विचारलं, काय करायलास काका?
ओठांनीच सांगितलं, बहिणीला झोप पाठवायची आहे.

माझ्या फोनात नदी आहे. बारा मिनिटं.
मध्येच माझं खोकणं,
आणि शेवटी शेवटी, लांबून, तानाक्काची हाक,
जेवायला ये रे.
कधी कधी नदी सोडून
मी तेवढंच परत लावतो.